दादांचा चिंचोक्याएवढा चेहरा

शनिवार, १२ मार्च १९९४. सुरत.

वडील जाऊन वर्ष होत आलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. श्रीगोंद्याहून निघताना आईनं बजावलं हुतं, "फोटो मोठा कर, भिंतीवर लांबून दिसला पायजे." पण फोटो एकच, मामाच्या लग्नातल्या घोळक्याचा. त्यात दादांचा चेहरा चिंचोक्याएवढा.

आज स्टुडिओवाल्यानं मोठा करून दाखवला, तर नुसते ठिपके. मिशीसुद्धा कळंना. तो आपल्याच भागातला, केडगावचा. म्हणाला, "भाऊ, पोस्टकार्डाएवढाच ठेव. माणूस माणसासारखा दिसंल."

तेवढाच केला. चिंचोक्याचं पोस्टकार्ड झालं, हेच लई. पण आई रुसंल का?

जन्मभर चारचौघांत दादांना पदराआडून, लांबूनच बघितलं तिनं. आता जवळ जाऊन बघू दे. कोण काय म्हणणार हाय?