शेठच्या टाकीतली शिरगणती

इपोह, मलेशिया,
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय आ-को,

थोरल्या भावाला धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार (कंबरेमुळे हल्ली जेवढं वाकता येतं तेवढाच, आदर कमी झाला असं समजू नकोस). तुझी छाती, तुझी झोप आणि पर्थच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. सूक मुनला आणि जावयाला आशीर्वाद. इकडे मी ठीक, छप्पर ठीक, आणि शेजारच्या याप काकू ठीकहून जास्त ठीक. काल त्यांनी अंगणातून मला हाक मारली, ती बहुधा स्टेशनपर्यंत गेली असावी.

परवा फोनवर तू एकच प्रश्न विचारलास: माझ्या टाकीत मासे किती? आणि वर बजावलंस की फोनवर सांगू नकोस, बोलताना तू बेमालूम खोटं बोलतोस, लिहून कळव, लिहिताना तुझा हात अडखळतो. उत्तर हातात पडल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, हेही सांगितलंस. तर घे लेखी उत्तर. मासे पाच आहेत. पाचही खुशाल आहेत. सही कर.

खरं तर पत्र इथे संपलं. पण कागद बराच उरलाय आणि बत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस नुसतं उत्तर लिहून थांबत नाही, रीत दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून रीत दाखवतो.

तू पर्थला लेकीकडे जाताना पाच मासे सोडून गेलास: एक तुझा लाडका लाल ड्रॅगन मासा (ज्याला अख्खी गल्ली शेठ म्हणते, कारण तो दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यासारखा पाण्याच्या वरच्या थरात बसतो), तीन पट्टेवाले आणि तळाशी मिशीवाला. तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पट्टेवाल्यांतला म्हातारा गेला. वयाने गेला, माझ्या हातून काही झालं नाही (पाणी दर रविवारी बदलतो, याप काकू साक्षीला उभ्या असतात). मी त्याला पपईच्या झाडाखाली पुरून हात धुतले आणि वर्तमानपत्र उघडलं. तेवढ्यात काकू टाकीपुढे उभं राहून बोटांवर मोजू लागल्या आणि किंचाळल्या, ‘‘मास्तर, चार! घरात चार! आणि तिकडे तुझ्या भावाची छाती फाडणार आहेत!’’

आता हे तुला सांगायला नको, माझं मत तुला माहीत आहे. चार ही तीन आणि पाच यांच्या मधली एक निरुपद्रवी संख्या आहे. आपल्या चिनी बोलीत ‘चार’ आणि ‘मरण’ यांचा उच्चार सारखा, एवढ्यावरून तिला मरणाचा आकडा म्हणणं आपल्या लोकांना शोभत नाही. पण तुझ्यापुढे हे कधी चाललं नाही. तुझं दुकान त्या ओळीतलं चौथं. पाटीवर तू ३-अ रंगवलंस आणि पोस्टमनपासून पालिकेपर्यंत सगळ्यांना ते पाठ करायला लावलंस. खिळे मागायला आलेल्या गिऱ्हाइकाने चार डबे म्हटलं की तू पाचवा तरी गळ्यात मारायचास नाहीतर एक काढून घ्यायचास. हे सगळं मी जन्मभर हसण्यावारी नेलं. त्या दिवशी मात्र काकूंना मी म्हटलं, ‘‘अंधश्रद्धा आहे ही,’’ आणि म्हणता म्हणता चपला घातल्या आणि मासेवाल्या केंगकडे निघालो.

केंग म्हणाला, ‘‘मोठ्या शिकारी माशाबरोबर सोबती ठेवायचा नियम सोपा आहे, मास्तर. जो तोंडात मावत नाही तो सोबती. मावतो तो नाश्ता.’’ नियम मला पटला, कारण त्यात माप होतं. मी घरी येऊन काचेबाहेरून पट्टीने शेठचं तोंड मोजलं, दोनदा, आणि त्याहून दोन बोटं मोठा असा एक गुबगुबीत तांबडा पोपटमासा आणला. टाकीत सोडला, पाच झाले, काकूंनी उदबत्ती लावली. मी कॉफी करायला आत गेलो. कपात साखर ढवळून बाहेर आलो तेव्हा परत चार होते. चूक कुठे झाली ते मग कळलं: मी मिटलेलं तोंड मोजलं होतं. शेठचं तोंड उघडतं तेव्हा दुकानाचं शटर वर जावं तसं उघडतं. (हा धडा मला आधीच यायला हवा होता. तुझ्याशी चाळीस वर्षं भांडलोय.)

मग मी गणिती मार्ग धरला. एक खाल्ला जाणार हे गृहीत धरून चांगले थोराड, ताटलीएवढे दोन चंदेरी मासे आणले, म्हणजे सहा, वजा एक, पाच. नऊ दिवस सहाच राहिले, मी सुखात होतो. दहाव्या दिवशी एकाने घाबरून उडी मारली आणि झाकणाच्या फटीतून जमिनीवर आला. उरलेल्याला पट्टेवाल्यांनी कोपऱ्यात दाबून इतकं छळलं की मीच त्याला केंगकडे परत नेऊन सोडला. पुन्हा चार. आ-को, या टाकीत कितीही मिळवा, उत्तर चारच येतं. नोकरीत असतो तर मुलांना हे उदाहरण घातलं असतं.

केंग म्हणाला, नवीन मासा घालताना आतलं सगळं सामान हलवा, लाकूड, दगड, सगळं, म्हणजे जुन्यांना आपली जागा कोणती तेच आठवत नाही आणि नवा सांभाळून घेतात. मी अर्धा दिवस कोपरापर्यंत पाण्यात हात घालून लाकूड डावीकडून उजवीकडे नेलं. नवा मासा अजून पिशवीतच तरंगत होता, तोवर जुन्या चौघांत जुंपली. अकरा वर्षं एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारे! शेठचा एक खवला गेला आणि त्याने कोळंबी सोडली, नाकतोडे सोडले, आठ दिवस उपास धरला. माझंही जेवणावरून मन उडालं. शेवटी दिवाणखान्यातला तुझा तो फोटो काढला, ज्यात तू टाकीशेजारी बेल्टवर हात ठेवून उभा आहेस, आणि तो समोर धरून प्रत्येक दगड होता तिथे नेऊन ठेवला. संध्याकाळी शेठ वर गेला, पट्टेवाले लाकडामागे गेले, मिशीवाला आपल्या खळग्यात बसला. घर पूर्ववत झालं.

त्या संध्याकाळी मी टाकीपुढे बराच वेळ बसून राहिलो. मला वाटत होतं की हे चौघं एकमेकांना खात नाहीत म्हणजे यांच्यात प्रेम असणार. तसं काही नाही. प्रत्येकाला एवढंच ठाऊक आहे की कोण कुठे राहतं आणि कोणाच्या वाटेत जायचं नाही. वर्षानुवर्षं एवढं पाळलं की त्याला सोबत म्हणतात, आणि ही सोबत बाजारातून पिशवीत घालून आणता येत नाही. तू गेल्यापासून मी तुझ्या खुर्चीवर बसत नाही, आ-को. ती रिकामी असते तरी वळसा घालून जातो.

नव्या माशाचं काय झालं विचारशील. केंगने मधे काचेचा पडदा घालून दिला: इकडे चार, तिकडे एक. मी समाधानाने काकूंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘मधे भिंत म्हणजे वेगळी चूल. तुझ्या भावाच्या घरात चारच.’’ या बाई कायदा शिकल्या असत्या तर कोर्टात कोणाला उभं राहू दिलं नसतं. तो मासा आता त्यांच्याच घरी आहे आणि माझ्यापेक्षा बरं खातो.

मग केंगने शेवटचा आणि सगळ्यात स्वस्त उपाय सांगितला. वाढवता येत नसतील तर एक कमी करा. तीन हा शुभ आकडा, कोणाची हरकत नाही. आणि काढायचाच तर मिशीवाला काढा, त्याला कोण बघायला येतं? मी बादली आणली, जाळं आणलं. मिशीवाला खळग्यात बसून शेठच्या तोंडून सांडलेला कोळंबीचा तुकडा कधी खाली येतो याची वाट पाहत होता. कोणाच्या वाटेत नाही, कोणाशी वैर नाही, वरून जे पडेल त्यावर अकरा वर्षं मजेत. मला एकदम आठवलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक पेटी घेऊन ‘दोन महिन्यांसाठी’ तुझ्या घरी आलो होतो, मागच्या खोलीत. मी जाळं परत टांगून ठेवलं. बादलीने अंगण धुतलं.

आता पुरे करतो. मोड आलेल्या मुगाबरोबर उकडलेली कोंबडी घेऊन काकू दारात उभ्या आहेत आणि गार झालं तर बोलणी मला बसतील.

तुझा,
यिट फाय

ता. क. सूक मुनने मला सगळं सांगितलंय. डॉक्टर म्हणतात येत्या शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर तारीख दोन महिने पुढे जाईल, आणि दोन महिने थांबणं तुझ्या छातीला परवडणारं नाही. तिला वाटतं तू माशांची सबब सांगतोयस आणि खरं म्हणजे घाबरला आहेस. मी तिला म्हटलं, आ-को आणि घाबरणार? पण तू घाबरला असशील तर त्यात काही नाही. मी इथे तुझ्याहून जास्त घाबरलोय.

आणखी एक. तिथल्या हॉस्पिटलात तुला मिळणारी खोली चौथ्या मजल्यावर आहे. तिथले लोक लिफ्टच्या बटणावर उघडउघड चार लिहितात. त्यावर कागद चिकटवायला मी सूक मुनला सांगितलंय. दिसला की कोणी चिकटवला विचारू नकोस.

आणखी एक, आणि हे शेवटचं. मासे पाच नाहीत. वर लिहिताना हात अडखळला तो तुला दिसलाच असेल. ज्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्याच्यासाठी मी चार महिने बादल्या वाहिल्या, कारण माझं मत चुकलं तर शिक्षा मला होणार नव्हती, तुला होणार होती. तेवढी हिंमत मला झाली नाही. पण परवा रात्रीचं जेवताना आठवलं. मी पेटी घेऊन आलो त्या दिवशी भेटीला आलेल्या वहिनीच्या आईने जेवणाच्या टेबलाशी घरची माणसं मोजली. तू, वहिनी, तान्ही सूक मुन, आणि मी. ती म्हणाली, घरात चार माणसं झाली, याला दुसरीकडे खोली बघ. खिळ्याचा चौथा डबा न विकणारा तू, जेवता जेवता मान वर न करता म्हणालास, ‘‘चार कुठे? आम्ही तिघं, आणि हा तीन-अ.’’ आणि माझ्या वाडग्यात भात वाढलास.

टाकीत मासे आहेत एक, दोन, तीन आणि तीन-अ. सही कर.