पुतळ्याला घातलेला हिरवा ड्रेस

आत्या, वाकून नमस्कार (उभ्याउभ्या केला तर धपाटा घालतेस, म्हणून वाकून).

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे. आईही बरी आहे, असं ती म्हणते (ते शेवटी सांगते). पत्र लिहितेय कारण माझा फोन आई बघते. चुका काढू नकोस, सातवीनंतर वही धरली ती फक्त मापांची.

ती बँकेतली बाई तुझ्या दवाखान्यात तपासायला आली, ती कशी आली हे तुला कोणी सांगितलं नसणार. तू म्हणाली होतीस, तुमच्या शिवणाच्या दुकानाच्या पेजवर सगळ्या बायकाच असतात, तर छातीत गाठ लागते का हे हाताने कसं बघायचं ते दाखव, आणि काही वेगळं वाटलं तर घरी बसू नका, तपासून घ्या असं लिही. आता मला गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणतानाही घाम फुटतो. म्हणून ठरवलं, तोंड नाही, आवाज नाही, फक्त हात दाखवायचे, आणि बाई म्हणून दुकानातला पुतळा. पण पुतळा उघडा! मलाच लाज वाटली. कपाटातून हाताला आला तो हिरवा ड्रेस त्याला चढवला, व्हिडिओ काढला, टाकला आणि जेवायला गेले.

ड्रेस निघाला त्या बँकवाल्या बाईचा. त्याच्या बाह्या उलट्या लागल्या होत्या, म्हणून मालकीणबाई तिला तीन आठवडे सांगत होत्या की अजून कात्रीच लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाई दारात. "कात्री लागली नाही ना? मग तुमचा पुतळा काय घालून उभाय?" मालकीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुतळ्यामागे गेले (खरंच गेले). बाईने म्हणे बाह्या बघायला व्हिडिओ वीसदा लावला. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, बाहेर ये. बघता बघता माझाही हात गेला गं. मला काहीतरी लागतंय." मी बाहेर आले. तुझा नंबर मापाच्या कागदावर लिहून दिला.

काल ती आली. ऑपरेशन झालं, गाठ लहान होती, वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. मालकीणबाईंनी नवा ड्रेस शिवून ठेवला होता, पण तिने तो उलट्या बाह्यांचाच नेला. जाताना माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. आत्या, शाळा सुटली तेव्हा सगळे मला ढ म्हणायचे. तू एकटी म्हणालीस, हिचे हात हुशार आहेत. काल ते पहिल्यांदा मला पटलं.

तुझी,
पुतळ्यामागची भाची

ता. क. मालकीणबाई आता माप घेताना प्रत्येकीला विचारतात, तपासणी केलीत का? कपडे मात्र अजून वेळेवर देत नाहीत.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. आईने तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. "तुझे हात बघते गं," म्हणते. मग बाथरूमची कडी लावून बराच वेळ आत होती. विचारलं तर, "मला काय धाड भरलीय?" मी तिला थाप मारलीय की सोमवारी आत्याच्या दवाखान्यात नर्सबाईंच्या कपड्यांची मापं घ्यायला जायचंय, मला बोलायला जमत नाही, तूही चल. टेप घेऊनच येईल बिचारी. ती ऐकते ते फक्त तुझं. तेव्हा बोलायचं ते तू बोल. धरायला माझे हात आहेत.