चांगल्या पायाची उडी

बाबा, काल माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या. मागच्या हिवाळ्यात स्कीइंग करताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं, ऑपरेशन झालेलं, आणि आता पुन्हा डोंगरावर जायची कोण घाई! मी जमिनीवर मोजायचा टेप लावला, तुम्ही अमेरिकेत ॲन आर्बरच्या आपल्या स्वयंपाकघरात लावला होतात तसाच, आणि त्यांना एका पायावर उडी मारायला सांगितलं. आधी चांगला पाय, मग दुखरा. दोन्ही उड्या सारख्या पडल्या तर आपण फिजिओथेरपिस्ट लोक हो म्हणायला मोकळे.

ऐंशीच्या दशकातला तो फेब्रुवारी. मी सतरा वर्षांची, माझा डावा गुडघा वर्षापूर्वी मोडलेला, आणि शाळेच्या स्की टीमची शेवटची रेस शनिवारी. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही हॉस्पिटलातून आल्या आल्या, टायही न सोडता, फरशीवर उकिडवे बसला आहात. "हं, मार उडी. आता डावा." दोन्ही उड्या अगदी बरोबरीच्या. "सी? आय ॲम फाइन, बाबा! शनिवारी जाऊ ना?" तुम्ही बराच वेळ टेपकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "आधी जेवू या. आज खाली बसू." आईनं पाट मांडले. मी जेवले, आणि उठताना माझा हात नकळत जमिनीला टेकला.

"अजून नाही," तुम्ही म्हणालात. "हात न टेकता उठशील, त्या दिवशी जा."

"दॅट्स नॉट ईव्हन अ रिअल टेस्ट!" मी ताट आपटलं आणि चार दिवस अबोला धरला. शनिवारी रेस बघायला तुम्हीच घेऊन गेलात. थर्मासमधला तुमचा चहा मी तोंड फिरवून प्यायले, पण प्यायले. एप्रिलमध्ये हात न टेकता उठले, तेव्हा आईला हाक मारून तुम्ही मला पुन्हा दोनदा उठायला लावलंत. तोवर बर्फ वितळून गेला होता, आणि माझी शाळाही संपत आली होती.

काल त्या बाईंची चांगल्या पायाची उडीच फार जवळ पडत होती. पहिल्याच उडीत माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. म्हणजे तुमच्याही लक्षात आलं असणार, बाबा. मला खोटारडी म्हणायच्या ऐवजी तुम्ही पाट मांडायला लावलेत. मीही त्या बाईंना काही बोलले नाही; फक्त जमिनीवर बसून उठायला सांगितलं.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी चांगल्या पायाची उडी मी मुद्दाम अंग चोरून मारली होती.