चुकीच्या रकान्यातले आकडे

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ६ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
मेघाचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही तिघं ठीक आहोत. तुमची आणि कडुबामामांची खुशाली कळवावी.

फोनवर बोलताना मला धाप लागते आणि ती ऐकून तुम्ही रडायला लागता, म्हणून हे पत्र. तुमच्या चिरंजीवांची कंपनी बिडकीनलाच, तेव्हा पोस्टमन घरचाच. पाकीट मात्र चिकटवून देतेय, नाहीतर बसमध्ये वाचत बसतील.

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. डॉक्टरांनी माझ्या दम्याचं कारण घरातली धूळ म्हणायचा अवकाश, तुम्ही गोधड्या, चिंध्यांची गाठोडी, सुईदोरा सगळं उचलून भावाकडे निघालात. सुनेला कंटाळून सासू गेली असं गल्लीत बोलतात. श्रेया बुद्धवंदनेला अगरबत्ती लावू देत नाही. आजीनं बजावलंय म्हणते.

माझी छाती अजून शिट्टी वाजवते. कामावर मात्र बरं असतं, तिथली काळजी करू नका. हॉस्पिटलच्या दुर्बिणीच्या खोलीत मी एकटीच. पोटात घालायच्या नळ्या धुवायच्या, जंतू मारायच्या सोल्युशनच्या टबात बुडवायच्या, पुसून टांगायच्या. जानेवारीत कायम होणाऱ्या नर्सेसची यादी लागेल. सहा वर्षं कंत्राटावर काढली, आता आजारपणामुळं नाव राहून जाईल याचीच भीती वाटते.

लोभ आहेच, तो तिकडे राहूनही असू द्यावा.
आपली,
मेघा

बिडकीन
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मेघास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पोचलं. पोस्टमननं दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला, मग पाकीट दिलं.

गल्लीला काय बोलायचं ते बोलू दे. मी कंटाळून आले नाही, भिऊन आले. माझ्या चिंध्यांच्या धुळीनं तुझा दम कोंडत असेल तर मी त्या घरात घास कसा गिळू? इथं आल्यावर गोधड्या कडुबाच्या माळ्यावर टाकल्या होत्या. मग वाटलं, पुन्हा घरी न्यायचा मोहच नको. रस्त्याच्या कामावरच्या बायांना सगळ्या वाटून टाकल्या. धम्मपालच्या बाबांच्या सदऱ्यांची होती, तीसुद्धा. ती सगळ्यात शेवटी दिली.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मागच्या महिन्यात तू चार दिवस सुट्टीवर घरीच होतीस. गोधड्या अंगणभर पसरल्या होत्या, मी चिंध्या झटकत होते, आणि तुझी शिट्टी एकदाही ऐकू आली नाही. धम्मपालला विचारलं तर म्हणतो, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं व्हय. खरं आहे. श्वासाचा जोर मोजायला डॉक्टरांनी दिलेल्या त्या प्लास्टिकच्या फुंकणीत फुंकून पंधरा दिवस आकडे तू स्वतः लिहिलेस, ते खोटे कसे असतील? म्हणून गाठोडी बांधली.

दम्याचा पंप पर्समध्ये ठेवत जा. श्रेयाला पापा. माया आहे तशीच आहे, काळजी नको.
तुझी आई,
सत्यभामा

पुंडलिकनगर
दि. २० नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
सविनय जयभीम. तुमच्या पत्राला अकरा दिवस उत्तर लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण परवा मला वाटलं की आता लिहायचं राहूनच जाणार.

मंगळवारी टब बदलताना सोल्युशन सांडलं. त्या खोलीला खिडकी नाही आणि वारा बाहेर टाकणारा पंखा कधीचा बंद. डोळे चुरचुरले, मग छाती अशी आवळली की श्वास आत जाईना. पर्स बाहेर टांगलेली, पंप त्यात. हाक मारायला आवाज नव्हता. स्टूल ढकलून पाडलं, तो आवाज ऐकून वॉर्डातली सायली धावत आली. दोन तास ऑक्सिजनवर होते. यांना मी चक्कर आली एवढंच सांगितलंय.

आई, ते आकडे खोटे होते. डॉक्टरांच्या तक्त्यात दोन रकाने होते, घरी आणि कामावर. घरी तीनशे चाळीसपर्यंत फुंकता यायचं, कामावर दोनशे वीसच्या वर नाही. मी उलटं लिहिलं. कामावरचे घरच्या रकान्यात, घरचे कामाच्या. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि घराला दोष दिला.

माझ्या आधी त्या खोलीत संध्या होती. या वासानं छाती भरते असं तिनं वर सांगितलं. थोडा आराम करा म्हणाले, आणि महिन्याभरात तिचं कंत्राट संपलं. तिची जागा मला मिळाली तेव्हा मी वॉर्डात पेढे वाटले. माझंही तसंच होईल म्हणून भ्याले. तुम्ही गाठोडी बांधत होतात तेव्हा मी दारात उभी होते आणि तोंड उघडलं नाही. मला माझीच लाज वाटते. आणि उद्या सकाळी आठला पुन्हा त्याच खोलीत जायचंय, त्याचीही भीती वाटते.

लोभ असावा असं लिहायचं तोंड राहिलं नाही.
मेघा

बिडकीन
दि. २२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मेघास,
आशीर्वाद. पत्र वाचून आधी संताप आला. कडुबाला म्हटलं, सुनेनं मला बनवलं. तो म्हणाला, मग आता जाऊच नको. तासभर मलाही ते पटलं होतं.

मग सांडलेल्या टबाचं पुन्हा वाचलं आणि राग बाजूला राहिला. सायलीला ऐकू गेलं नसतं तर? धम्मपालला कंपनीत फोन आला असता, श्रेया शाळेतून आली असती. त्यापुढं मला विचार करवत नाही.

गोधड्या गेल्या. त्या बाया पुढच्या गावाला गेल्या, आता कुठं शोधू? बाबांच्या सदऱ्यांचं मला लई लागलंय आणि ते मी तुला ऐकवणार आहे. पण ते भांडण तुझा श्वास नीट झाल्यावर.

सोमवारी घरी येते. तोवर त्या खोलीत पाय ठेवू नकोस. रजा मांड, बिनपगारी झाली तरी चालेल. डॉक्टरांकडं दोघी जाऊ, खरं सांगू, त्यांचा कागद घेऊ आणि तुम्हा नर्सेसच्या वरच्या मेट्रनपुढं ठेवू. नोकरी राहील का? मला माहीत नाही. मीही भ्याले आहे, तुला खोटा धीर देत नाही. मेट्रनच्या दारात तुझ्या शेजारी उभी राहीन एवढं नक्की.

आणि डॉक्टरांकडून नवा कोरा तक्ता मागून घे. यापुढं फुंकायचं तू, आकडा मी लिहिणार.

रागावलेली,
तुझी आई