सहा बेचाळीसची गाडी

हिनाओका,
६ नोव्हेंबर २०१६

चि. त्सुनेओ यास आशीर्वाद.

तू आणि सूनबाई चिकाको मजेत असाल असं धरून चालतो. इथे डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ दिसला, खाली यायला अजून दोन आठवडे लागतील. मुळे यंदा मांडीएवढे झालेत. वळचणीला टांगलेत, पण तुझ्या आईसारखे खारवायला मला जमत नाही. गेल्या वर्षीचे शेजारच्या कुत्र्यानेही हुंगून सोडून दिले.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपलं स्टेशन पाडायचं नाही असं गावाने ठरवलं. छप्पर नवं झालं, आणि या २३ तारखेला सकाळी अकरा वाजता तिथे स्टेशनच्या इतिहासाची पाटी लागणार आहे. मजकूर मी लिहायचा, असं गावकचेरीतल्या ओनोदेराबाई सांगून गेल्या. "स्टेशनमास्तर तुम्ही, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? बाकीचे सगळे वर गेले."

मी म्हटलं, "म्हणजे मी उरलो म्हणून हा मान?"

"हो," म्हणाल्या. तिशीची मुलगी, पण तोंडावर खरं बोलते.

चार दिवस बसून लिहिलं. लिहिताना छाती फुगत होती, खोटं कशाला सांगू! १९३४ साली रेल्वेकडून निरोप आला होता की गाव लहान आहे, थांबा मिळणार नाही. गावाने उलट कळवलं, फलाट आम्ही बांधतो, तुम्ही फक्त गाडी थांबवा. नदीतले दगड बायकांनी पाठीवरून वाहिले. तुझी आजी त्यांत होती, सात महिन्यांची पोटुशी. तिला कोणी म्हणालं, "अगं, बस जरा." ती म्हणाली, "हा जन्माला येईल तेव्हा काय चालत शहरात जाईल?" त्या फलाटावरून कोळसा गेला, रेशमाचे कोष गेले, पोरं लढाईवर गेली, आणि सगळी परत आली नाहीत. त्रेसष्टच्या बर्फात अख्ख्या गावाने अकरा दिवस फावडी मारून सात किलोमीटर रूळ मोकळे केले. पहिली गाडी आली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला आणि कमरेत वाकून उभा राहिला. त्याला वर कसं करायचं हे कोणाला कळेना.

आणि आपली हाक. तुला सांगायला नको, तू फलाटावरच वाढलास. सिग्नलकडे बोट करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "सिग्नल ठीक." फलाटावरून गावाकडच्या उतारापर्यंत बोट फिरवायचं, "फलाट मोकळा, ठीक." बोटाच्या टोकावर जे दिसेल तेच तोंडातून निघालं पाहिजे. त्या हाकेच्या भरवशावर गाडी हलते. म्हणून, सत्त्याऐंशीत गाडी बंद झाली तोवरचा हिशेब धरून, मी शेवटची ओळ लिहिली: 'त्रेपन्न वर्षांत या फलाटावरून एकही खोटी हाक गेली नाही.' ओनोदेराबाई खूश. म्हणाल्या, "ही आपण मोठ्या अक्षरांत घेऊ."

तेव्हापासून रोज रात्री उठून मी ती ओळ वाचत होतो.

तशी उशिरा येणाऱ्यासाठी गाडी मी थांबवत नसे असं नाही. ओकुमा सुईणीसाठी थांबवली. नवरीच्या खडावेचा पट्टा तुटला तेव्हा थांबवली. टोफूवाली फुजिए तर दर मंगळवारी उशिरा यायची आणि वर मलाच दटावायची, "मास्तर, तुमचं घड्याळ पुढे आहे!" प्रत्येक वेळी मी बोट दाखवून म्हणायचो, "उतारावर प्रवासी, थांबा." खरी हाक, मिनिटभर उशीर. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

१७ फेब्रुवारी १९८२. तुझी रेल्वेभरतीची परीक्षा. प्रवेशपत्र विसरलं म्हणून तू अर्ध्या वाटेतून घरी परत गेलास. सहा बेचाळीसची गाडी लागली. मी सिग्नल पाहिला, मग बोट फलाटावरून उताराकडे नेलं. बोटाच्या टोकावर तू होतास. टोपी हातात, ऐंशी पावलांवर. गार्ड मोगामीने दारातून विचारलं, "मास्तर, कोणी येतंय का?"

मी म्हटलं, "कोणी नाही. फलाट मोकळा, ठीक."

बोट तुझ्याकडेच होतं, त्सुनेओ.

दोनच दिवस आधी साके पिण्याच्या बैठकीत कोणीतरी बोललं होतं, "मास्तरच्या पोराला काय, गाडी त्याच्या अंगणात येऊन थांबेल." सगळे हसले, मीही हसलो. ते हसणं पोटात राहिलं होतं. परक्यांसाठी गाडी थांबवणारा मी, स्वतःच्या मुलासाठी थांबवली तर लोक काय म्हणतील, याला घाबरलो. इतकी वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आलो. ती शिस्त नव्हती, भित्रेपणा होता.

संध्याकाळी तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला मी दिसलो नाही?" मी म्हटलं, "बर्फ पडत होता." त्या दिवशी आभाळ लख्ख होतं. तुलाही ते माहीत होतं. तुझ्या आईने महिनाभर माझ्या डब्यात लोणचं घातलं नाही. परीक्षा हुकलीच, पुढच्या वर्षी भरती बंद झाली आणि तू नागोयाच्या बंदरावर निघून गेलास. मग नव्या वर्षाची छापील कार्डं. आईच्या अंत्यविधीला आलास, तेव्हा आपण दोघं हवापाण्यावर बोललो.

चिकाकोचं पत्र आलं होतं, तुला ठाऊक नसेल. तिच्यावर रागावू नकोस. तिने लिहिलं की तू आता क्रेनवाल्यांचा मुख्य आहेस आणि नव्या पोरांना बोट दाखवून हाक द्यायला शिकवतोस. घरातून निघतानाही शेगडीकडे बोट करून "गॅस बंद, ठीक!" म्हणतोस, आणि ती हसते. मी ते पत्र अकरा वेळा वाचलं. माझ्या हाताखाली तेवीस माणसं तयार झाली. त्यांतल्या एकाचाही मला इतका अभिमान वाटला नाही.

ती ओळ मी खोडली आहे. आता पाटीवर असं येईल: 'त्रेपन्न वर्षांत या फलाटावरून एकच खोटी हाक गेली. १७ फेब्रुवारी १९८२, सहा बेचाळीसची गाडी. उतारावर प्रवासी होता आणि स्टेशनमास्तर योशिहारु कुवाबारा याने त्याला पाहिलं होतं.'

ओनोदेराबाई घाबरल्या. "मास्तर, स्टेशनचं नाव खराब होईल."

"स्टेशनने काय केलंय, बाई? माझं होईल."

तुझं नाव घातलेलं नाही. ते घालायचं की नाही, हे तू ठरव.

ये, असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे. पण पाटीवरचा पडदा मी ओढायचा आहे. अकरा वाजू देत, बारा वाजू देत, पाहुणे ताटकळू देत, त्या बैठकीतल्या कोणाला हसायचं असेल तर हसू दे. मी उताराकडे तोंड करून उभा राहीन. तू दिसेपर्यंत दोरीला हात लावणार नाही.

तुला पाहिलेला,
तुझा बाप