इन्शाअल्लाहच्या आधी

४ मार्च

ती. खालास तिच्या कासवाचा सलाम. वि. वि.

फोनवर मी अडखळते, म्हणून लिहिते. चष्म्याच्या दुकानवाल्यांचं स्थळ तू आणलंस आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. असं का झालं हे ऐकून अम्मीने कपाळावर हात मारला. आता तुझी पाळी.

मुलाच्या आईने मायेने विचारलं, की बेटी, आमच्या घरी येशील ना? मला इन्शाअल्लाह म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मामूंनी मोडकं कपाट दुरुस्त करायला इन्शाअल्लाह म्हटलं, की आपण नवं कपाट बघायला लागतो, हे तुला ठाऊक आहे. अल्लाह सुब्हानहू व तआलाचं नाव टाळाटाळीला वापरायचं नाही, अर्थ मनात आणल्याशिवाय उच्चारायचं नाही, असा मी हल्लीच नेम केलाय. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मीच बेफिकीर राहिले तर कसं व्हायचं?

म्हणून थांबले. अल्लाहने इच्छिलं तर, इथवर ठीक. माझा इरादा पक्का आहे का? आहे. तो अल्लाहसाठी, की त्या माणसाच्या डोळ्यांसाठी? इथे गाडी अडली. वर पाहिलं, तर त्यांच्या आई चपला घालत होत्या.

कामावर, लॅबमध्येही हेच. रक्ताच्या नळीवरचं नाव मी इतक्यांदा वाचते, की पेशंट घाबरून विचारतो, काही गंभीर आहे का?

खाला, मला ते आवडलेत. हे वाक्य लिहायला वेळ लागला नाही, बघ. काहीतरी कर.

रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची


९ मार्च

चि. कासवास खालाकडून पुष्कळ दुआ.

तुझं पत्र शिलाई मशीनवर बसून वाचलं आणि हसता हसता गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. आता उसवत बसलेय.

त्यांच्या आईला फोन केला. मुलीच्या मनात नाही, जबरदस्ती कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मुलगी विचार करत होती. त्या म्हणाल्या, एवढा? येत्या रविवारी ते दुसरी मुलगी बघायला जाणार आहेत. मुलगा नाखूश आहे म्हणे, पण आईपुढे बोलत नाही. म्हणजे तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

एक सांग. अल्लाहच्या नावापुढे तू सुब्हानहू व तआला लिहितेस. मीही लहानपणापासून म्हणते, सवयीने. त्याचा अर्थ मला समजेल असा लिहून पाठव. आणि रविवारच्या आत स्वतःचंही काहीतरी बघ.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,

खाला


१३ मार्च

ती. खालास सलाम. वि. वि.

सुब्हानहू म्हणजे तो पाक आहे, त्याच्यात कसलीही उणीव नाही. तआला म्हणजे तो सगळ्यांहून उंच. एवढं लिहिलं आणि पेन चावत बसले. दिवसभर म्हणते, की बिनचूक तो एकटाच. आणि त्याच दमात बिनचूकपणाचा ठेका स्वतःकडे घेते! तौबा, नम्रतेच्या नावाखाली केवढा हा तोरा!

काल कामावरून सुटून थेट त्यांच्या दुकानात गेले, चष्मा सैल झालाय या निमित्ताने. निमित्त खोटं ठरू नये म्हणून आधी स्क्रू खरोखरच सैल केला. हसू नकोस.

त्यांनी चष्मा काढून घेतला आणि सवयीने विचारायला लागले, की समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ चष्म्याशिवाय दिसते का. मी या वेळी थांबायचंच नाही असं ठरवून गेलेली. प्रश्न पुरा व्हायच्या आत इन्शाअल्लाह म्हणून मोकळी झाले.

स्क्रू पिळता पिळता मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, की हे ओळीचं उत्तर, की आईच्या प्रश्नाचं?

खाला, अर्थ, इरादा, सगळं जागेवर होतं. मी म्हटलं, आईच्या. ओळ कुठून दिसणार, चष्मा तुमच्या हातात आहे.

रविवारी ते आपल्याकडेच येतायत, इन्शाअल्लाह. चहा करायला तू ये. मी फक्त बोलणार आहे.

चुका पोटात घाल, नव्या होतीलच.

तुझं कासव