ढगांच्या गटातलं माझं स्वागतखातं

ती. मावशीस,

तुझ्या चष्मेवाल्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? काकांना अजून सोयीपुरतंच ऐकू येतं ना?

आम्ही बरे. गिऱ्हाईक नसलं की खुर्ची दाराशी ओढायची, ढग बघायचे आणि मोबाइलवर आमच्या 'आभाळ' गटात टाकायचे, हा माझा सध्याचा धंदा. (चष्मे आपले जोडधंदा.) गटाचे कारभारी निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांचे हेडसर. नवा माणूस आला की ते आधी नियमावली पुढे करत: दिशा लिहा, ढगाचं नाव लिहा, हे पूर्वी कुणी विचारलंय का ते शोधा. एका बेकरीवाल्या बाईंनी फोटो टाकून "हा कोण?" असं विचारलं, तर आम्ही जाणकारांनी ढग ठेवला बाजूला आणि 'कोण' की 'कोणता' यावर अख्खी दुपार काढली. बाई गेल्या. मग येणारे सगळेच उंबऱ्यावरून परतू लागले, आणि आम्ही जुनेजाणते एकमेकांना तेच ते ढग दाखवत उरलो.

शेवटी स्वागताचं काम माझ्या गळ्यात आलं. मी इतका गोड आणि लांबलचक मजकूर लिहिला की एका ट्रकवाल्यानं विचारलं, विमा नाही काढला तर चालेल का? मुकाट्यानं सगळं पुसलं आणि एवढंच लिहिलं, "या. काय दिसतंय?"

तो मग लिहितो, माल उतरायची वाट बघत टपावर आडवा झालोय, आणि वर आईनं केस वाळवायला सोडलेत.

मावशी, हातातली काच हातातच राहिली. आता हेडसर नियम काढणार म्हणून मी धास्तावलो. पण त्यांनी लिहिलं, "बघत राहा. केसांचं पुढे काय होतंय ते सांगा." तो सांगत गेला: केस पसरले, विरत गेले, नुसती एक बट उरली. मी ते मोठ्यानं वाचत होतो, तर जिची काच माझ्या हातात होती ती गिऱ्हाईक बाईही (एकाच काचेचा चष्मा लावून) दारात येऊन वर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी नवी माणसं आली, तर माझ्याआधी ट्रकवाल्यानंच त्यांना विचारलं, काय दिसतंय म्हणून. नियमावली आता मागितली तरच मिळते. कुणी मागत नाही.

काकांना नमस्कार, मोठ्यानं सांग.

तुझा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण: आठवडाभर इकडे आभाळ अगदी धुतल्यासारखं आहे. नवी माणसं भरपूर, ढग एकही नाही. सगळे एकमेकांना नुसतं 'या, या' करतायत. तुझ्याकडे असेल तर एक पाठव.

आणखी एक. फोटोत अंगठा आला तरी चालेल. मागे माझा आला होता. हेडसरांनी त्याला पावसाळी ढग ठरवलं, आणि तिघांनी छत्र्या काढल्या.